त्याची आई म्हणजे कोणाची?

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी पेपरात दोन प्रकारचे प्रश्न हमखास येतात. पहिल्या प्रकारात एक यादी असते आणि तिच्यातलं एक पद बाकीच्यांच्या चालीने चालत नाही : ‘शी लाइक्स रीडिंग, कुकिंग अँड टु स्विम.’ दुसऱ्या प्रकारात एखादं सर्वनाम असतं आणि ते नेमकं कोणासाठी आलंय हे कळायला मार्ग नसतो : ‘रमेश टोल्ड सुरेश दॅट ही हॅड पास्ड.’ पास कोण झालं, रमेश की सुरेश? पहिल्याला पुस्तकांत पॅरलल स्ट्रक्चर म्हणतात, दुसऱ्याला प्रोनाउन रेफरन्स. अभ्यासिकेतली पोरं मात्र अशा प्रश्नांना ‘दोन मार्कांचा प्रश्न’ एवढंच म्हणतात. २०२३ च्या तलाठी भरतीत शंभर प्रश्नांना दोनशे गुण होते. त्यातले पंचवीस प्रश्न इंग्रजीचे आणि तेवढेच मराठीचे. तिथे दोन मार्क म्हणजे कित्येकांसाठी यादीत नाव असणं किंवा नसणं.

मी ज्या पोरांबद्दल बोलतोय ती अकोले तालुक्यातली, आणि हा तालुका उभा-आडवा फार पसरलेला आहे. एका अंगाला कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड. दुसऱ्या अंगाला प्रवरेच्या काठचा ऊस आणि अगस्ती कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या रांगा. राजूर, कोतूळ, समशेरपूर या बाजूंनी मुलं-मुली अकोल्याला येतात, खोली करून राहतात, अभ्यासिकेत जागा धरतात. ज्यांना जमतं ती पुढे संगमनेरला, पुण्याच्या पेठांत जातात; बाकीची इथेच तयारी करतात. बहुतेक सगळी मराठी माध्यमातली. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे आज परीक्षेला बसणाऱ्या पिढीने शाळेची सगळी वर्षं इंग्रजीचं पुस्तक दप्तरात वागवलं आहे. तरी भीती गेलेली नाही. संध्याकाळी यांतली काही माझ्याकडे इंग्रजी घेऊन बसतात, आणि त्यांच्याकडून मला कळतं की क्लासमध्ये या दोन प्रकारांसाठी त्यांना काय दिलं जातं. ट्रिक दिली जाते. ‘आयएनजी दिसलं की पुढे आयएनजी शोधा.’ ‘ही दोनदा आला की पर्याय खोडा.’

ट्रिकने मार्क मिळतात, हे मी नाकारत नाही. माझं दुःख वेगळं आहे. समानार्थी शब्द, वाक्प्रचार, प्रीपोझिशन हे पाठ करावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण या दोन गोष्टी आमच्या मुलांना आधीच येतात. त्या त्यांच्या कानात आहेत, मराठीत आहेत, घरात आहेत. आणि नेमक्या त्याच आम्ही त्यांना परक्या म्हणून शिकवतो.

पश्चिमेकडच्या भातखाचरात काम केलेल्या कोणत्याही मुलीला विचारा, वर्षभरात काय काय करावं लागतं. ती सांगेल : नांगरणी, पेरणी, आवणी, निंदणी, सोंगणी, झोडणी. एका दमात, एका सुरात. यातलं एकही पद वाट चुकत नाही. आता तिला म्हणा, ‘आमच्याकडे नांगरणी, आवणी आणि भात सोंगायला माणसं लागतात,’ आणि तिच्या चेहऱ्याकडे बघा. ती थांबते. चूक काय हे तिला सांगता येणार नाही कदाचित, पण खटकलं आहे हे नक्की. ‘शी लाइक्स रीडिंग, कुकिंग अँड टु स्विम’ मध्ये खटकायला हवं ते हेच. यादीतल्या पहिल्या दोन पदांनी वाचणाऱ्याला एक सवय लावली, तिसऱ्याने ती मोडली. नियम एवढाच आहे.

मराठीत आपण हे नेहमी पाळतो असं मात्र नाही. ‘मला वाचायला, फिरायला आणि गाणी ऐकणं आवडतं’ असं सुशिक्षित माणसंही सर्रास लिहितात. सरकारी परिपत्रकांत तर एका क्रमांकाखाली ‘अर्ज सादर करणे’, दुसऱ्याखाली ‘कागदपत्रे जोडावीत’ आणि तिसऱ्याखाली ‘शुल्क भरले पाहिजे’ अशी तीन तोंडांची यादी नेहमी दिसते. तीन आज्ञा, तिन्हींचा सूर वेगळा. वाचणाऱ्याला उगाच वाटतं की एक गोष्ट सक्तीची आहे आणि दुसरी ऐच्छिक. बोलताना कान जागा असतो, लिहायला बसलं की झोपतो, असं माझं निरीक्षण आहे. तेव्हा इंग्रजीचा हा धडा मराठी लिहिणाऱ्यालाही उपयोगी पडतो.

‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ या जोडीने मुलांना फार छळलं आहे. ‘ही नॉट ओन्ली स्पीक्स इंग्लिश बट ऑल्सो मराठी’ हे वाक्य चूक का? कारण ‘नॉट ओन्ली’ क्रियापदाच्या आधी बसलं आणि ‘बट ऑल्सो’ भाषेच्या नावाआधी. दोन्ही सारख्याच जागी हवेत. हे मराठीतून समजावलं की लगेच पटतं, कारण आपले ‘च’ आणि ‘ही’ शब्दाला चिकटूनच येतात : ‘तो नुसती इंग्रजीच नाही तर मराठीही बोलतो.’ ‘च’ इंग्रजीला, ‘ही’ मराठीला. इंग्रजीत हे शब्द सुटे असल्यामुळे त्यांना योग्य जागी बसवायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. मुलांना मी सांगतो, आधी मनात मराठी वाक्य म्हणा, ‘च’ कुठे लागला ते बघा, ‘नॉट ओन्ली’ त्याच्या आधी ठेवा.

सर्वनामांच्या बाबतीत तर मराठीकडे इंग्रजीपेक्षा जास्त साधनं आहेत. पेपरात येणाऱ्या प्रश्नासारखं एक वाक्य घेऊ : ‘व्हेन द बस हिट द ट्रॅक्टर, इट वॉज डॅमेज्ड.’ नुकसान कशाचं झालं? इंग्रजीत ‘इट’ दोघांनाही लागू. गळीत हंगामात अकोले-संगमनेर रस्त्यावर असा प्रसंग झाला आणि कोणी तो मराठीत सांगितला, तर शंका उरतच नाही : ‘बस ट्रॅक्टरवर आदळली आणि तिचं नुकसान झालं.’ तिचं म्हणजे बसचं. त्याचं म्हटलं असतं तर ट्रॅक्टरचं. प्रत्येक नामाला लिंग असणं परक्या माणसाला जाच वाटतो, पण अशा जागी ते फार कामाला येतं. शिवाय ‘हा’ आणि ‘तो’ असा जवळचा-लांबचा भेद आहे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ‘आपला’ आहे. ‘बापाने मुलाला आपल्या शेतात नेलं’ म्हणजे बापाचं शेत. ‘त्याच्या शेतात नेलं’ म्हणजे मुलाचं, नाहीतर तिसऱ्याच कोणाचं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हिज’. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून भाषेची अशी सगळी अंगं तपासून ठेवली. केशवसुतांचे हे भाऊ; कवीचं नाव शाळेत कळतं, व्याकरणकाराचं नाव परीक्षेच्या तयारीत कळतं किंवा कधीच कळत नाही.

पण मराठीतलं एक साधन इंग्रजीत आडवं येतं, आणि त्याबद्दल मला मुलांची बाजू घ्यावीशी वाटते. राजूरकडच्या एका मुलाने निबंधात लिहिलं होतं : ‘माय फादर इज अ फार्मर. दे वर्क हार्ड.’ क्लासमध्ये त्याच्या वहीवर लाल गोल आला. वचन चुकलं, बरोबर. पण तो मुलगा वचन चुकला नव्हता, तो वडिलांना मान देत होता. ‘बाबा शेतकरी आहेत, ते कष्ट करतात.’ ज्या भाषेत वडिलांना एकवचनात संबोधणं उद्धटपणा ठरतो, त्या भाषेतून तो आला होता. त्याला गोल मारण्याआधी एवढं सांगायला हवं होतं की इंग्रजीत हा मान सर्वनामात ठेवायची सोय नाही, तो वाक्यात दुसरीकडे कुठेतरी ठेवावा लागतो. हे सांगितल्यावर त्याची ती चूक थांबली. लाल गोलाने ती वर्षानुवर्षं थांबली नव्हती. मानाची अशीच आणखी एक तऱ्हा : आमच्या आधीच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. ‘हे आले’, ‘ह्यांनी सांगितलंय’ एवढ्यावर संसार चालत. सर्वनाम ज्याच्यासाठी आलं ते नाव वाक्यात नसायचंच, पण अख्ख्या घराला ते ठाऊक असायचं. घरात ते चालतं. कागदावर लिहिताना वाचणारा घरातला नसतो.

या दोन्ही नियमांची गाठ जिथे पडते तो प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. ‘द रेनफॉल ऑफ घाटघर इज हेवियर दॅन अकोले.’ वरवर काहीच खटकत नाही. घाटघरचा पाऊस आपल्या तालुक्यात सगळ्यांना माहीत. सह्याद्रीच्या कड्यावरचं ते गाव, आणि अकोले शहर त्यापुढे कोरडंच. पण वाक्य पाऊस आणि गाव यांची तुलना करतंय. पावसाची तुलना पावसाशी हवी : ‘दॅन दॅट ऑफ अकोले.’ इथे ‘दॅट’ हे सर्वनाम ‘रेनफॉल’च्या जागी उभं राहतं आणि तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारख्या जातीचा माल येतो. मराठीत आपण हे वेगळ्याच वाटेने साधतो : ‘घाटघरला अकोल्यापेक्षा जास्त पाऊस पडतो.’ घाटघरला आणि अकोल्याला, म्हणजे ठिकाणाशी ठिकाण. दोन्ही भाषांचा आग्रह एकच, मार्ग निराळा. तसंच ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र.’ हे चूक, कारण १६४६ मीटरचं हे शिखरही महाराष्ट्रातच आहे, आणि ते स्वतःपेक्षा उंच असू शकत नाही. ‘एनी अदर पीक’ हवं. बारीतून कळसूबाई चढलेल्या मुलांना हे सांगितलं की ‘अदर’ पुन्हा विसरत नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हे सगळं तलाठ्याला का यायला हवं?

कोतूळ बाजूच्या एका मुलीने एकदा घरच्या वारस नोंदीचे कागद आणले होते. तिचे आजोबा वारले होते आणि सातबाऱ्यावर वारसांची नावं लागायची होती. अर्ज घरातल्याच कोणीतरी आधी साध्या कागदावर लिहिला होता. त्यात वारस असे होते : मुलगा अमुक, त्याची बहीण तमुक, आणि त्याची आई. मी तिला विचारलं, त्याची म्हणजे कोणाची? ती म्हणाली, ‘बाबांची, म्हणजे माझी आजी.’ कागद परत वाचला. आजोबांच्या नावाने सुरू झालेला तो अर्ज. ‘त्याची आई’ म्हणजे आजोबांची आई असं कोणी वाचलं तर? पणजी तेव्हा हयात होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मयत पुरुषाची आई आणि पत्नी दोघीही पहिल्या वर्गातल्या वारस आहेत, म्हणजे दोघींनाही वाटा. अनुसूचित जमातींना तो कायदा सहसा लागू होत नाही, तिथे रूढी पाहिली जाते. पण नातं स्पष्ट हवं हे तिथेही तेवढंच खरं. त्या अर्जात ‘त्याची आई’ या दोन शब्दांमुळे एकतर आजीचं नाव गळालं असतं किंवा पणजीचं. पणजीचं तर त्यात घातलेलंच नव्हतं, हे मग लक्षात आलं.

छापील प्रतिज्ञापत्रात हा घोटाळा होऊ नये म्हणून एक रकाना असतो : ‘मयताशी नाते’. ओळीने नावं, आणि प्रत्येकासमोर नातं. पत्नी. आई. मुलगा. मुलगी. प्रत्येक नातं एकाच माणसापासून मोजलेलं. मुलगी त्या रकान्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘सर, हा रकाना म्हणजे पॅरलल स्ट्रक्चरच की!’ होय, तेच. आणि प्रोनाउन रेफरन्सही, कारण तिथे सर्वनामाला जागाच ठेवलेली नाही. कोणा जुन्या कारकुनाने किंवा वकिलाने हा रकाना पहिल्यांदा आखला असेल, त्याला इंग्रजी येत होतं की नाही कोण जाणे. पण चूक कुठे होते आणि ती कोणाला भोवते, हे त्याला नक्की माहीत होतं.

खरेदीखत बघा. त्यात ‘तो’ आणि ‘ते’ जवळजवळ नसतात. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतात, आणि ते शेवटपर्यंत तसेच राहतात. ‘लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना सदर मिळकतीचा कब्जा दिला.’ कानाला जड लागतं, पण पन्नास वर्षांनी कोणी वाचलं तरी कब्जा कोणी कोणाला दिला याबद्दल शंका नाही. मग चतुःसीमा येते : पूर्वेस अमुक गट, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस तमुक गट, उत्तरेस रस्ता. चार दिशा, चारही एकाच रूपात. यातली एक जरी ‘वरच्या अंगाला’ अशी लिहिली तर बांधावरचं भांडण कोर्टात जातं. गाव नमुना सहामध्ये फेरफार लिहिणारा माणूस नेमकं हेच काम करतो : कोणाकडून, कोणाकडे, कशाने, किती. तो माणूस म्हणजे तलाठी; आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदललं, लिहिण्यातली जोखीम तीच आहे.

म्हणून मला वाटतं की परीक्षेच्या इंग्रजी पेपरातले हे प्रश्न, जाणूनबुजून असोत किंवा नसोत, त्या नोकरीच्या गाभ्यालाच हात घालतात. आणि म्हणूनच एक गोष्ट फार सलते. त्याच परीक्षेच्या मराठी भागात अशा प्रश्नांचा मागमूस नसतो. तिथे बहुतेक नावं विचारतात : हा समास कोणता, हा प्रयोग कोणता, हा अलंकार कोणता. शुद्ध वाक्य ओळखा म्हटलं तरी भर ऱ्हस्व-दीर्घावर. वाळंब्यांचं व्याकरणाचं पुस्तक पाठ असलेला मुलगा बहुव्रीही समास डोळे मिटून सांगतो, आणि ‘त्याची आई’ लिहिलेला अर्ज तसाच पुढे सरकवतो. त्याला आयुष्यभर मराठीतच लिहायचं आहे. पंचनामा मराठीत, फेरफार मराठीत, अहवाल मराठीत. वाक्य निःसंदिग्ध आहे का, हे तपासायला मात्र आपण त्याला इंग्रजीत शिकवतो, तेही ट्रिकने.

असे प्रश्न भरतीपुरतेच नव्हते. व्यवस्थापन शिक्षणाच्या जीमॅट परीक्षेत सेंटेन्स करेक्शन हा विभाग वर्षानुवर्षं होता. पॅरलल स्ट्रक्चर आणि सर्वनामं हे त्यातले ठरलेले सापळे. २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या आवृत्तीत तो काढून टाकला. वाक्यं आता यंत्र दुरुस्त करून देतं, मग माणसाला कशाला विचारायचं, असं कोणी म्हणेल. पण ‘त्याची आई’ या शब्दांत व्याकरणाची चूक नाहीच, यंत्र तिथे काय दुरुस्त करणार? ती कोणाची आई हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. काही नियम मात्र खरोखर बदलताहेत. ‘एव्हरीवन शुड ब्रिंग देअर बुक’ हे आमच्या वेळी चूक होतं, तिथे ‘हिज’च हवं असे. आता ‘दे’चं एकवचन अमेरिकेतल्या एपीएच्या लेखनपुस्तिकेने २०१९ साली मान्य केलं आहे, पण आपल्याकडच्या उत्तरतालिका कोणता नियम धरतील याचा भरवसा नाही, आणि हरकती नोंदवायच्या मुदतीत मुलं माझ्याकडे दोन-दोन पुस्तकं घेऊन येतात. मी त्यांना म्हणतो, परीक्षेत ‘हिज ऑर हर’ असेल तर ते निवडा, आणि मराठीत ‘प्रत्येकाने आपापलं पुस्तक आणावं’ यातला ‘आपापलं’ किती सोयीचा आहे ते बघा. पुस्तक मुलाचं की मुलीचं हे त्याला विचारावंच लागत नाही. ‘प्रत्येकाने’ पुल्लिंगी राहतं, हे खरं.

हल्ली मी इंग्रजीच्या आधी मराठी वाक्यं फळ्यावर लिहितो. परवाचं वाक्य होतं : ‘सरपंचांनी ग्रामसेवकांना सांगितलं की त्यांची बदली झाली आहे.’ एक मुलगा म्हणाला, यात शंका कसली, सरपंच निवडून येतो, त्याची बदली होतच नाही. मागच्या बाकावरून उत्तर आलं, म्हणजे तुला वाक्यातून नाही, गावातून कळलं. मग त्यांनीच सरपंच काढून तलाठी घातला. ‘ग्रामसेवकांनी तलाठ्यांना सांगितलं की त्यांची बदली झाली आहे.’ आता दोघेही बदलीचे. ‘त्यांची’च्या जागी ‘आपली’ टाकून पाहिलं, तेव्हा बहुतेकांच्या मते बदली ग्रामसेवकांची झाली. दोघी-तिघींना तरीही पटेना, कारण बोलण्यात ‘आपली’ म्हणजे दोघांचीही होऊ शकते. शेवटी कोतूळच्या त्याच मुलीने फळ्यावर जाऊन अवतरणचिन्हं घातली : ग्रामसेवक तलाठ्यांना म्हणाले, ‘तुमची बदली झाली आहे.’ सगळ्यांनी ते मान्य केलं, वहीत उतरवलं, आणि मग ‘रमेश टोल्ड सुरेश’ कडे वळलो.